निहालीचे व्याकरण

हेब्बाळच्या बाजारात भाजीवाला लिंबे मोजताना 'ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु' म्हणू लागला की मला हटकून सातपुड्याच्या पायथ्याची आठवण होते. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात निहाल लोकांची वस्ती आहे. त्यांची मोजणी 'बिडुम, इरार, मोथो, नालो' अशी चालते. दोन, तीन व चार हे कानडीचे भाऊबंद खरेच. पण पहिला अंक निराळा, आणि पाचापासून पुढे मराठी-हिंदीचा आधार!

एवढ्यावरून निहालीस द्राविडी म्हणावे, तर तिच्या शब्दसंग्रहाचा मोठा भाग शेजारच्या कोरकूचा निघतो. भारताच्या भाषिक सर्वेक्षणाच्या 1906 सालच्या खंडात स्टेन कोनो यांनी तिला कोरकूच्याच पंगतीस बसविले होते. परंतु कोरकूत पाण्याला 'डा' म्हणतात, निहालीत 'जोप्पो'. या 'जोप्पो'ला कोठेच सोयरा सापडत नाही. डच पंडित कायपर यांनी 1962 साली हिशेब मांडला, तेव्हा सुमारे एकचतुर्थांश शब्द असे एकाकी ठरले. ही मुळात परक्यांपासून बोलणे लपविण्याची सांकेतिक बोली तर नसेल, अशीही शंका त्यांनी घेतली.

या शंकेचे निरसन शब्दांच्या यादीने होणारे नव्हते. शब्द बाजारहाटात सहज उसने मिळतात. सर्वनामे आणि क्रियापदांचे प्रत्यय मात्र तितक्या सहजी घेतले जात नाहीत. निहालीत 'मी' म्हणजे 'जो' आणि 'तू' म्हणजे 'ने'. मराठी कानाला पहिले संबंधी सर्वनाम वाटेल, दुसरे तृतीयेचा प्रत्यय! शिवाय 'आम्ही दोघे' आणि 'आम्ही सारे' यांना वेगवेगळी रूपे आहेत. मराठी वाक्य देऊन भाषांतर मागितले, तर उत्तरात पुष्कळदा मराठीचीच घडी उमटते. म्हणून अभ्यासकाला गोष्टी सांगवून घ्याव्या लागतात, आणि त्यांतून एकेक रूप निवडावे लागते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील के. एस. नागराज यांचे निहालीचे व्याकरण, संहिता व शब्दसंग्रहासह, म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने 2014 साली प्रसिद्ध केले.

निहाली बोलणारे दोन-अडीच हजार असतील. मुलांची शाळा मराठी, बाजार मराठी-हिंदी. 1971 नंतरच्या जनगणनेच्या तक्त्यांत दहा हजारांहून कमी भाषक असलेली भाषा नावानिशी येत नाही. आम्हा सरकारी माणसांच्या कागदांत तिची जागा 'इतर' या रकान्यात आहे.