डोंगर कोणत्या गांडुळांचा?

चार्ल्स डार्विन यांचे गांडुळांवरचे पुस्तक १८८१ साली प्रसिद्ध झाले. त्यात निलगिरी पर्वतातल्या गांडुळांची दखल आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक डॉ. जॉर्ज किंग यांनी निलगिरीतली गांडुळांची विष्ठा डार्विन यांना पाठवली होती. त्यातला सर्वांत मोठा ढिगारा शंभर ग्रॅमहून जड भरला. इतक्या उंचीवर, गारठ्यात, जमिनीखाली एवढी उलथापालथ चालू होती.

हजार मीटर चढले की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. गांडुळांची वाढ मंदावते, अंड्यांचे कोष उशिरा फुटतात. पण गारव्यात पालापाचोळाही सावकाश कुजतो, म्हणजे अन्न साठून राहते आणि ओल टिकते. माथ्यावर मात्र मातीचा थर पातळ, धुपलेला आणि आम्लधर्मी असतो. त्यामुळे उंचीबरोबर गांडुळे सरळ हिशेबाने कमी होत नाहीत. तापलेल्या पायथ्यापेक्षा मधल्या उतारावरच्या ओलसर रानात ती जास्त सापडू शकतात.

उंचीने बसवलेली ही घडी जमिनीचा वापर मोडतो. निलगिरीत शोला जंगल आणि गवताळ माळ यांच्या जागी चहा, युकॅलिप्टस, वॅटल, बटाटा, गाजर आले. वारंवार खणण्याने खोल उभी बिळे करणाऱ्या गांडुळांची घरे मोडतात. पाचोळा गेला की पृष्ठभागावर जगणाऱ्यांची उपासमार होते. करप्यासाठी फवारलेले तांबे मातीत साचते आणि गांडुळांना ते विषारी ठरते.

रिकाम्या झालेल्या जागी पाहुणे शिरतात. फ्रिट्झ म्यूलर यांनी १८५७ मध्ये ब्राझीलमधून नोंदवलेले ‘पॉन्टोस्कोलेक्स कोरेथ्रुरस’ हे गांडूळ आज उष्ण प्रदेशांत सर्वदूर आहे, केरळातल्या मळ्यांतही. त्याला जोडीदार लागत नाही. एकच जीव नवी वसाहत उभी करतो. अ‍ॅमेझॉनमध्ये जंगल तोडून केलेल्या कुरणांत ते इतके माजले की माती भुसभुशीत होण्याऐवजी घट्ट झाली. म्हणून फावडाभर मातीत किती गांडुळे निघाली, एवढ्यावरून जमिनीचे आरोग्य ठरवता येत नाही. ती कोणती आहेत, हे पाहावेच लागते.

२०१९ मध्ये ५७ देशांतल्या जवळजवळ सात हजार ठिकाणांवरील गांडुळांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. एकाच जागी सापडणाऱ्या जाती समशीतोष्ण प्रदेशात जास्त निघाल्या. पण उष्ण कटिबंधात एका ठिकाणच्या जाती दुसऱ्या ठिकाणी फारशा आढळत नाहीत. पश्चिम घाटाला याचा अर्थ नीट कळायला हवा. इथे एक उतार उजाड झाला, तर कदाचित दुसरीकडे कुठेच नसलेली जात जाते.

सह्याद्रीत उतारावरच्या हलक्या, वरकस जमिनीवर नाचणी-वरी घेऊन पुढे ती काही वर्षे पडीक ठेवत. त्या विश्रांतीत पाचोळा साचे, जीव परतत. उन्हाळ्यात राबासाठी पालापाचोळा भाजताना गांडुळे खोल गेलेली असल्याने आग त्यांच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. पण पावसाळ्यात वर आल्यावर खायला उरत नाही. दरवर्षी ओरबाडलेल्या उतारावर ही तूट भरून निघत नाही. गांडूळखताची पोती आणूनही ती भरणार नाही, कारण खताच्या टाकीत वाढणारी ‘आयसेनिया’ शेणात आणि कचऱ्यात रमणारी, डोंगर पोखरणारी नव्हे.

याउलट देवराईत पाचोळा उचलला जात नाही, जमीन नांगरली जात नाही. शेजारचे वरकस, पडीक रान आणि देवराई यांतली गांडुळे एकाच उंचीवर, जातवार मोजली, तर आपण नेमके काय गमावले ते कळेल. नवी लागवड ठरवण्याआधी ही मोजणी सरकारी योजनेत सक्तीची असायला हवी.