विश्रांतीने न जाणारा थकवा

कर्करोगाचे उपचार घेऊन मुंबईहून भुसावळला उतरलेला रुग्ण मुक्ताईनगरला घरी पोहोचतो, तेव्हा घरातील प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असते : "आता काही करू नका, नुसते पडून राहा." या वाक्यामागील माया खरी आहे. सल्ला मात्र बहुतेक वेळा चुकीचा ठरतो.

दिवसभर केळीच्या बागेत राबलेला माणूस रात्री गाढ झोपला की सकाळी ताजा होतो. कर्करोगातील थकवा तसा नसतो. दहा तास झोपूनही तो उरतो. आंघोळ करून आले तरी सगळी शक्ती संपल्यासारखे वाटते. वाचलेले ध्यानात राहत नाही. हा थकवा केमोथेरपी आणि रेडिएशनच्या काळात बहुसंख्य रुग्णांना जाणवतो. काहींना तो उपचार संपल्यावरही महिनोन्‌महिने सोडत नाही. त्याला आळस म्हणू नये, आणि थकवा आहे म्हणजे आजार उलटलाच, असेही धरून चालू नये.

प्रथम दूर करता येण्याजोगी कारणे शोधावीत. रक्त कमी होणे, थायरॉइड मंदावणे, साखर वरखाली होणे, न शमलेली वेदना, तुटक झोप, उदासी, एखादे गुंगी आणणारे औषध. यांपैकी काही ना काही अनेकदा सापडते. हे न पाहता "डॉक्टर, ताकदीचे सलाईन लावा" असा आग्रह धरला जातो. शरीरातील पाणी कमी झाले असेल तर सलाईन उपयोगी. या थकव्यावर ते उत्तर नव्हे.

पडून राहिल्याने, विशेषतः उतारवयात, स्नायू फार लवकर झिजतात. मग थोडे चालणेही जड जाते, म्हणून माणूस अधिक पडून राहतो. हे चक्र व्यायामाने तुटते. २०१७ साली 'जामा ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात ११३ अभ्यासांचा, ११,५२५ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. व्यायाम आणि मानसोपचार हे दोन्ही या थकव्यावर औषधांपेक्षा सरस ठरले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांना घेऊन योगाची चाचणी झाली. तिच्यासाठी डॉक्टर, योगशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून सोपी, आराम देणारी आसने व प्राणायाम यांचा क्रम आखला होता. अवघड आसनांची गरजच नसते.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून दिवसातून दोनदा पाच मिनिटे चालण्याने प्रारंभ करावा आणि दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवावीत. चालताना बोलता यावे, गाता येऊ नये, एवढाच वेग. आपल्याकडचा मे महिना पाहता ऊन चढण्यापूर्वीच बाहेर पडावे, नाहीतर घरातच फेऱ्या घालाव्यात. भक्कम खुर्चीवरून हळूहळू पाच-सहा वेळा उठून बसणे हाही उत्तम व्यायाम आहे. शेजारी कोणी उभे असावे. ताप, छातीत दुखणे, नवी धाप, चक्कर, रक्तस्राव किंवा एकाच पायाला सूज असेल तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रोग हाडांत पोहोचला असल्यास कोणता व्यायाम करावा हे तज्ज्ञांनीच ठरवावे.

दुसरा भाग सवयींचा आणि विचारांचा. बोधात्मक वर्तनोपचारात रुग्ण एक वही ठेवतो : केव्हा काय केले आणि थकवा दहापैकी किती होता. आठवडाभरात एक गोष्ट बहुधा उघड होते. बरे वाटलेल्या दिवशी साठलेली सारी कामे उरकली जातात आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. मुक्ताईची पालखी पंढरपूरपर्यंत महिनाभर चालते, कारण तिचा रोजचा मुक्काम ठरलेला असतो. अंगात उत्साह आहे म्हणून कोणी एका दिवसात तीन मुक्काम गाठत नाही. दुपारची झोप अर्ध्या तासापुरती ठेवावी. "मी आता निरुपयोगी झालो" हा विचार आला की तो वहीत लिहावा आणि त्याखाली त्या दिवशी प्रत्यक्ष केलेली कामे लिहावीत.

काळजी घेणाऱ्यांनी प्रत्येक काम हातातून काढून घेऊ नये. मेथी निवडणे, शेंगा सोलणे, नातवाचा अभ्यास घेणे एवढे आजी-आजोबांकडे राहू द्यावे. समुपदेशक गावात नसेल तर 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. तो क्रमांक रुग्णाइतकाच, रात्ररात्र जागणाऱ्या सुनेसाठी आणि मुलासाठीही आहे.