दिवा विझला, पण दोष गेला का?



मागच्या वेळी आपण अभावाच्या ज्ञानाबद्दल बोललो. जमिनीवर घडा 'नाही' हे मला कळतं कसं? कुमारिल भट्टांचे अनुयायी आणि अद्वैती म्हणतात, यासाठी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानायला हवं. नैयायिक ते वेगळं मानत नाहीत. पण एका बाबतीत सगळ्यांचं जमतं. नुसतं 'दिसलं नाही' एवढं पुरत नाही, 'असता तर दिसला असता' असं म्हणता आलं पाहिजे. काळोख्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो नाही असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. आधी दिवा लावा, मग बोला. या अटीला योग्यता म्हणतात.

त्या व्याख्यानावर कॅलिफोर्नियातल्या एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, माझ्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि स्मॉग चेक तोंडावर आलंय. मित्र म्हणतो, एक स्वस्तातला स्कॅनर घे, कोड पुसून टाक आणि तपासणीला जा. यात बिघडलं काय?" प्रश्न मोटारीचा आहे, पण मला तो घड्याचाच वाटला. म्हणून आजचा विषय हा.

आधी हा दिवा काय सांगतो ते बघू. लॉस एंजेलिसच्या आकाशात दाटणारं धुरकं कशाचं, हे १९५०च्या सुमारास हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ते तयार होतं, आणि यातला मोठा वाटा मोटारींचा. पुढे गाडीतून काय बाहेर पडतं यावर मर्यादा आल्या. १९९६च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत ओबीडी-दोन ही स्वतःची तपासणी करणारी यंत्रणा सक्तीची झाली. प्रदूषण ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दीडपट होईल असा दोष आढळला की ती कोड नोंदवते आणि दिवा लावते.

एक उदाहरण घेऊ. पी ०४२० हा कोड पुष्कळांना भेटतो. धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो विषारी वायूंचं रूपांतर करतो. त्याच्या आधी एक आणि नंतर एक असे ऑक्सिजन सेन्सर असतात. कन्व्हर्टर नीट काम करत असेल तर मागच्या सेन्सरचं माप बरंचसं स्थिर राहतं. तेही पुढच्यासारखंच वरखाली व्हायला लागलं की यंत्रणा म्हणते, कन्व्हर्टर थकला. आता हे प्रत्यक्ष झालं का? नाही. हे अनुमान आहे. कन्व्हर्टर कुणी पाहिला नाही, खुणेवरून ओळखला. आणि अनुमान म्हटलं की हेत्वाभास आलाच. नळीला गळती असेल, सेन्सर बिघडला असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. म्हणून कोड वाचून लगेच महागडा कन्व्हर्टर बदलायला धावू नये. यंत्रणाही घाई करत नाही, बरं का. बहुतेक दोषांच्या बाबतीत तोच दोष दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत दिसला तरच ती दिवा लावते. आपल्याकडे याला भूयोदर्शन म्हणतात, पुन्हा पुन्हा पाहणं.

मग स्कॅनरवरचं 'क्लिअर' दाबल्यावर नेमकं काय होतं? दिवा विझतो. कोड पुसला जातो. त्याच्याबरोबर दोष आढळला त्या क्षणीची नोंदही जाते. वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, भार किती होता, असा जो पंचनामा मेकॅनिकच्या उपयोगाचा, तोच आपण फाडून टाकतो. आणि चौथी गोष्ट, जी मित्र सांगत नाही: यंत्रणेच्या स्वतःच्या तपासण्यांची पाटीही कोरी होते.

या तपासण्यांना मॉनिटर म्हणतात. इंजिन ठोके चुकवतंय का, हे काही मॉनिटर सतत बघत असतात. पण कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, इंधनाच्या वाफांची गळती यांचे मॉनिटर ठरावीक परिस्थितीतच चालतात. इंजिन थंड असताना सुरू व्हायला हवं, काही वेळ एका वेगाने चालायला हवं. वाफांच्या तपासणीसाठी टाकी अगदी रिकामी नको आणि काठोकाठ भरलेलीही नको. मॉनिटर पूर्ण झाला की त्याच्यापुढे 'रेडी' येतं, तोवर 'नॉट रेडी'.

आता आपला घडा आठवा. 'नॉट रेडी' म्हणजे खोलीत अजून काळोख आहे. कोड दिसत नाही, कारण कुणी पाहिलेलंच नाही. 'रेडी' आणि कोड नाही, म्हणजे दिवा लावून पाहिलं आणि घडा खरोखर नाही. माझ्या मते आजच्या विषयाचं मर्म इथे आहे. कोड पुसल्याने 'दोष आहे' याचं 'दोष नाही' होत नाही, त्याचं 'माहीत नाही' होतं. आणि तपासणीचे नियम करणाऱ्यांनी 'नाही' आणि 'माहीत नाही' हे दोन वेगळे कप्पे ठेवले आहेत.

कॅलिफोर्नियात २००० आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांच्या नळीत आता सहसा तपासणीची नळी घालत नाहीत. गाडीच्या संगणकाला जोडतात आणि त्यालाच विचारतात. अशा गाडीत वाफांचा एकटा मॉनिटर अपूर्ण चालतो. दुसरा कुठलाही अपूर्ण असला की गाडी पास होत नाही. म्हणजे सकाळी कोड पुसून दुपारी तपासणीला गेलेला माणूस बहुधा हात हलवत परत येतो.

यावर काहींनी युक्ती काढली. दोष कधी कधीच उमटणारा असेल, तर मॉनिटर पूर्ण व्हावेत आणि कोड परत येण्याआधी तपासणी उरकावी. त्यालाही उत्तर आलं, ते म्हणजे कायमस्वरूपी कोड. साधारण २०१० पासूनच्या गाड्यांत दिवा लागला की कोडची एक प्रत अशा जागी ठेवली जाते की ती स्कॅनरने पुसत नाही आणि बॅटरी काढूनही जात नाही. गाडीने स्वतः ती तपासणी पुन्हा केली आणि दोष आढळला नाही, तरच ती जाते. १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियाची तपासणी हे कोडही बघते. यात एक सवलत आहे. कोड पुसल्यानंतर इंजिन किमान १५ वेळा थंड अवस्थेतून तापलं असेल आणि गाडी २०० मैल चालली असेल, तर उरलेल्या कायमस्वरूपी कोडवरून नापास करत नाहीत.

तुम्ही म्हणाल, प्रामाणिकपणे दुरुस्ती केलेल्याचं काय? मेकॅनिकही शेवटी कोड पुसतोच, आणि मग त्या बिचाऱ्यालाही 'अजून चालवून या' असं सांगतात. हा अन्याय नाही का? त्रास आहे खरा. पण पुसणं हे मुळात पाप नाही, क्रम महत्त्वाचा. दुरुस्त करा, पुसा, चालवा, गाडीला स्वतः पाहू द्या, मग तपासणी. दुरुस्ती झाली हा मालकाचा दावा आहे, आणि आठवडाभराच्या चालण्यातून तो तपासला जातो. खरं बोलणाऱ्याला साक्ष द्यायला थोडा वेळ लागला, तर त्याचा अपमान होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कन्व्हर्टर महाग असतो आणि जुनी गाडी बहुधा गरिबाकडे असते. गाडी नापास म्हणजे कामावर जायचे वांधे. हे दुःख खरं आहे. पण दिवा विझवून ते कमी होत नाही, ते फक्त दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. महामार्गाच्या कडेला स्वस्त भाड्याने राहणाऱ्या मुलाच्या छातीत तो धूर जातो, आणि तोही गरिबाघरचाच असतो. त्यापेक्षा मदत मागावी. कॅलिफोर्नियात उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना दुरुस्तीसाठी किंवा जुनी गाडी मोडीत काढण्यासाठी सरकारी साहाय्य मिळतं.

आपल्याकडच्या श्रोत्यांना वाटेल, हे तिकडचं झालं. आपल्या पीयूसीत नळीतला धूर मोजतात, कोड कुणी विचारत नाही. म्हणजे गाडी त्या दोन मिनिटांत काय सोडते एवढंच कळतं. पण बीएस-सहाच्या गाड्यांत ही यंत्रणा आपल्याकडेही आली आहे. पीयूसीचा कागद हातात असला आणि समोर दिवा जळत असला, तर दिव्याचं ऐका.

तेव्हा, ज्यांनी विचारलं त्यांना माझं सांगणं असं. कोड पुसू नका, आधी लिहून घ्या. इंधनाच्या टाकीचं झाकण घट्ट आहे ना बघा, वाफांचा कोड कधी कधी तेवढ्यावरून येतो. दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं इंधन पुढे जाऊन कन्व्हर्टर जाळतं आणि छोट्या खर्चाचा मोठा खर्च होतो. दुरुस्ती झाली की रोजच्यासारखी गाडी चालवा, थोडी शहरात, थोडी महामार्गावर. सगळे मॉनिटर 'रेडी' झाले का ते त्याच स्वस्त स्कॅनरवर बघा आणि मग जा. स्कॅनर वाईट नाही हो, त्याचं वाचायचं बटण वापरा.

आणि उद्या कुणी जुनी गाडी विकायला आणली, समोर एकही दिवा नाही, विकणारा हसतमुख, तर त्याला एवढंच विचारा: मॉनिटर रेडी आहेत का? तो गडबडला, तर पैसे खिशातच ठेवा.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.