‘प्रोमिथियस’: उत्तर मिळाले, गूढ मात्र विरले

एका ओसाड उपग्रहावर उतरलेल्या मालवाहू यानातील कर्मचाऱ्यांना अवाढव्य आसनावर बसलेला एक सांगाडा दिसतो. त्याच्या बरगड्या आतून बाहेरच्या दिशेने फुटलेल्या असतात. रिडली स्कॉट दिग्दर्शित ‘एलियन’ (१९७९) या चित्रपटातील हे दृश्य विज्ञानपटांच्या इतिहासात अजरामर झाले. स्विस चित्रकार एच. आर. गीगर यांच्या कल्पनेतील ही आकृती अधिक भव्य भासावी, यासाठी स्कॉट यांनी काही दृश्यांत लहान मुलांना अंतराळवीरांचे पोशाख घालून उभे केले होते. त्यांत त्यांची स्वतःची मुलेही होती. हा मृत प्राणी कोण, याचे उत्तर मात्र चित्रपटाने दिले नाही.

ते देण्यासाठी २०१२ मध्ये स्कॉट यांनीच ‘प्रोमिथियस’ आणला. मूळ कथेच्या आधीच्या घटना सांगणारा हा पूर्वकथापट, म्हणजेच प्रीक्वेल, नेत्रसुखद आहे यात वाद नाही. आइसलँडमधील डेटिफॉस धबधब्यावरील आरंभीचे दृश्य, इंग्लंडमधील पाइनवुड स्टुडिओत उभारलेली प्रचंड नेपथ्ये आणि त्रिमितीय छायाचित्रण यांचा परिणाम आजही ओसरलेला नाही. यंत्रमानव डेव्हिडभोवती तारकांचा नकाशा उजळतो, तो प्रसंग तर विलक्षणच. दृश्य परिणामांसाठी चित्रपटाला ऑस्कर नामांकन मिळाले. पुरस्कार मात्र पुदुच्चेरीत काही भाग चित्रित झालेल्या ‘लाइफ ऑफ पाय’ने पटकावला.

अडचण कथेत आहे. ‘एलियन’मध्ये कोण जगणार, याचा अंदाज प्रेक्षकाला बांधता येत नव्हता. श्रेयनामावलीत पहिले नाव असलेले टॉम स्केरिट यांचे पात्र कथा ऐन रंगात असतानाच नाहीसे होते आणि तोवर फारशा परिचित नसलेल्या सिगर्नी वीव्हर अखेरपर्यंत टिकतात. पूर्वकथेला ही मुभा नसते. अखेरीस तो भयंकर जीव जन्मणार, हे तिकीट काढतानाच ठाऊक असते. त्यातच घटनाक्रमही तोच: दूरचे निमंत्रण, अज्ञात वास्तू, संसर्ग, यंत्रमानवाचा छुपा हेतू आणि एकच वाचलेली स्त्री. पात्रांचा मृत्यू पटकथेला हवा असल्याने निष्णात शास्त्रज्ञ परग्रहावर शिरस्त्राणे काढतात; जीवशास्त्रज्ञ तर सापासारख्या अनोळखी प्राण्याला कुरवाळू पाहतो. मायकेल फासबेंडर यांनी साकारलेला डेव्हिड तेवढा अपवाद. तो पुढे काय करील, हे सांगता येत नाही आणि म्हणूनच तो लक्षात राहतो.

याहून मोठे नुकसान त्या सांगाड्याचे झाले. तो सांगाडा नव्हताच, तो पोशाख होता आणि आत मानवाचाच फिकट, धिप्पाड पूर्वज होता, असा खुलासा ‘प्रोमिथियस’ करतो. तीन दशके प्रेक्षकांच्या कल्पनेत वाढत गेलेले गूढ त्यामुळे माणसाच्या मापाचे झाले. शिवाय हे कथानक ‘एलियन’मधील उपग्रहावर घडतच नाही, त्या यानातील मृताची गोष्ट पुन्हा पुढे ढकलली जाते.

सुमारे १३ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात ४० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली आणि २०१७ मध्ये ‘एलियन: कव्हेनंट’ आला. त्याची कमाई मात्र सुमारे २४ कोटी डॉलरवर थांबली. ही पूर्वकथा मूळ चित्रपटाशी जोडणारा स्कॉट यांचा पुढचा भाग त्यानंतर पडद्यावर आला नाही.