खळीतली चरबी

यंत्रमागावर ताण्याचा धागा सारखा घासला जातो. आधी धागे वर-खाली करणाऱ्या वयांतून, मग फणीच्या दातांतून, आणि धोटा तर मिनिटाला शंभराहून जास्त वेळा त्याच्यावरून पळतो. कोऱ्या सुती सुताचे तंतू या माराने उभे राहतात, शेजारच्या धाग्यात गुंततात आणि सूत तुटतं. म्हणून भिवंडीत सूत मागावर चढण्याआधी सायझिंगला जातं, म्हणजे त्याला खळ लावली जाते. हातमागवाले याच कामाला पाजणी म्हणत.

खळ मक्याच्या स्टार्चची किंवा चिंचोक्याच्या पिठाची. पण नुसती खळ वाळली की पापडासारखी कडक होते, वाकवली की तडकते. ती लवचीक राहावी म्हणून गिरण्यांच्या काळापासून तिच्यात चरबी घालत आले. बाजारात तिचं नाव मटण टॅलो.

चरबी कढवायची रीत घरच्या तुपासारखीच. गुर्द्याभोवतीची चरबी बारीक चिरायची, थोडं पाणी घालून मंद आचेवर ठेवायची. पाणी असेतो ती करपत नाही. तडतड थांबली, तुकडे तळाला बसले, की पाणी उडालं असं समजावं. मग गरम असतानाच गाळायची. पाणी राहिलं तर खवट होते.

ही चरबी साधारण 45 ते 50 अंशांना वितळते, आणि खळ त्याहून बरीच गरम असते. त्यामुळे ती खळीत पसरते, धाग्याला तुळतुळीतपणा देते आणि वाळवणीच्या तापलेल्या सिलिंडरला सूत चिकटू देत नाही. प्रमाण मात्र थोडंच हवं. जास्त झाली तर खळीचा थरच कमजोर पडतो. आता बऱ्याच ठिकाणी तिच्या जागी वनस्पतिजन्य किंवा रासायनिक मऊकारक वापरतात.

खरी अडचण पुढे रंगाईत येते. एन्झाइमने स्टार्च सुटतं, चरबी सुटत नाही. ती क्षाराच्या पाण्यात उकळावी लागते. मग तिचाच साबण होऊन निघून जातो. हे नीट झालं नाही तर कापडावर रंग डागाडागांनी बसतो.

घरी मांजरपाट रंगवणार असाल, तर आधी धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात तो चांगला उकळून घ्या.