मैद्याविना नानकटाई

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की तालुक्याच्या गावातल्या बेकरीपुढे डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका दिसतात. तूप, साखर, मैदा घरून न्यायचा आणि भट्टीतून नानकटाई भाजून आणायची. आता घरोघरी ओव्हन आले, तरी ही रांग पुरती मोडलेली नाही. पण ज्या घरात एखाद्या मुलाला गहू चालत नाही, त्या घरातल्या आईला या रांगेत जागा नाही. तिने ज्वारीचं पीठ नेलं तरी उपयोग काय? पत्रे तेच, ओटा तोच, आणि मैदा तर हवेतच उडत असतो.

‘गहू चालत नाही’ म्हटलं की आपल्याकडे उत्तर ठरलेलं, “एवढ्याशानं काय होतंय?” सीलिअ‍ॅक या आजारात होतं, मैत्रिणींनो! गहू आणि जव यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटतं. अस्तर झिजलं की खाल्लेलं अंगी लागत नाही. मुलांचे वरचेवर जुलाब, फुगलेलं पोट, खुंटलेली उंची. मोठ्या बाईत कधी नुसता लोहाच्या गोळ्यांना न जुमानणारा रक्तक्षय. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. गव्हावर आधीपासून संशय असलेल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांचा संशय त्या काळात पक्का झाला आणि १९५० साली त्यांनी तो प्रबंधात मांडला. आजही उपाय एकच, जन्मभराचं पथ्य.

मात्र शंका आली म्हणून परस्पर पोळी बंद करू नका हं. रक्ताची टीटीजी तपासणी आणि आतड्याचा तुकडा तपासणं हे पोळी खाणं चालू असतानाच व्हावं लागतं, नाहीतर आजार असूनही तपासणीत दिसत नाही. आणि एकाला निघाला तर भावंडं, आईवडील यांचीही तपासणी करून घ्यावी.

आमच्या बचत गटातल्या एकीच्या नऊ वर्षांच्या मुलीला हा आजार आहे. सत्यनारायणाचा शिरा तिने घेतला नाही म्हणून शेजारणींनी नाकं मुरडली. आजी तर लाडाने लपूनछपून पोळीचा घास भरवायची आणि मग पोरगी दोन दिवस अंथरुणात. शेवटी आजींनाच दवाखान्यात सोबत नेलं. डॉक्टरांनी नीट समजावल्यावर त्यांनी स्वतः वरईचा शिरा करून नैवेद्य दाखवला! पण आईचं दुखणं वेगळं होतं. ती म्हणाली, “ताई, वाढदिवसाला हिने वर्गात वाटावं आणि हिलाही खाता यावं, असं काहीतरी सांगा.”

दोन-तीन घाणे बिघडल्यावर जमलेलं प्रमाण देते. वाटी एकच ठेवा. पाऊण वाटी घट्ट तूप आणि पाऊण वाटी पिठीसाखर हाताने पांढरं हलकं होईपर्यंत फेसायची. त्यात एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी तांदळाचं, अर्धी वाटी डाळव्याचं, चिमूटभर मीठ, दोन चिमटी सोडा, वेलदोडा. पिठं वस्त्रगाळ हवीत. मैद्याला धरून ठेवणारा चिकटपणा ग्लूटेनचाच असतो, तो इथे नाही, म्हणून डाळवं. गोळा झाकून अर्धा तास ठेवला की तांदळाची कचकच कमी होते. भुगा पडत असेल तर चमचाभर दूध. वड्या लहान करा, मोठ्या मोडतात. वीसेक होतात.

ओव्हन असेल तर १६० अंशांवर १५ ते १८ मिनिटं. नसेल तर जुन्या कुकरमध्ये मीठ पसरून, शिटी आणि रबर काढून, दहा मिनिटं तापवायचा आणि मंद आचेवर २०-२५ मिनिटं भाजायचं. बाहेर काढताना मऊच लागतील. हात लावू नका, पूर्ण निवू द्या, मगच खुसखुशीत होतात.

खरी मेख गिरणीत आहे. आधी गव्हाचं दळण झालं असेल तर आपल्या ज्वारीत त्याचं पीठ येतंच. गटाने पाच जणींत एक घरघंटी घेतली, तिच्यात गहू घालायचा नाही असा नियम केला. ते शक्य नसेल तर डाळवं नि धुऊन वाळवलेला तांदूळ घरच्या मिक्सरवर दळा, ज्वारीसुद्धा थोडी थोडी करून होते, चाळायला वेळ लागतो इतकंच.

बाजारात ‘नाचणी बिस्किटं’ घेताना पुड्याची मागची बाजू वाचा. बऱ्याचदा पहिलं नाव मैद्याचंच असतं. ‘ग्लूटेन फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नको, असा आपल्याकडे नियम आहे. डबीतल्या हिंगातही पुष्कळदा कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो, हे किती जणींना माहीत आहे? उलट उपासाच्या फळीवरचं राजगिरा, शिंगाडा, वरई, साबुदाणा मुळात चालणारं. (धडधाकट माणसांनी फॅशन म्हणून महागडे पुडे आणावेत असं मात्र मला मुळीच वाटत नाही.)

मोडलेल्या वड्यांचा चुरा टाकू नका, खजुरात मळून लाडू होतात. आणि डबा वेगळा ठेवा, वर मुलीचं नाव चिकटवा. नाहीतर कुणीतरी उरलेली साधी बिस्किटं त्यातच ओतून ठेवतं.