नीरगंटीचे वारस

बेंगळुरूच्या पश्चिमेस १९४९ साली औद्योगिक उपनगर म्हणून वसविल्या गेलेल्या आणि तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजाजीनगराचा आजचा गजबजाट पाहणाऱ्या नवागतास, या भूमीवर एके काळी तलावांची मालिका नांदत होती, हे सांगूनही खरे वाटणार नाही. केतमारनहळ्ळीचा तलाव महालक्ष्मीपुरमच्या घरांखाली गेला; ओड्डरपाळ्याचा तलाव कारखान्यांच्या वसाहतीत लुप्त झाला; अगसन तलावाच्या जागी गायत्रीदेवी उद्यान आले आणि तुमकूर तलावावर म्हैसूर लॅम्प्सचा कारखाना उभा राहिला. किर्लोस्करांचा, १९४६ साली स्थापन झालेला, विजेच्या यंत्रांचा उद्योगही याच परिसरात वाढला, आणि त्यांच्या कारखान्याच्या भूमीवर आता निवासी मनोरे व ओरायन मॉल उभे आहेत. कोठे तलावाचा कारखाना झाला, कोठे कारखान्याचा बाजार. आणि हे सारे एका मनुष्याच्या हयातीत घडले.

हे तलाव बुजण्यापूर्वी त्यांचा वाली नाहीसा झाला होता. जुन्या म्हैसूर मुलखात तलावावर नीरगंटी नावाचा ग्रामसेवक असे. तलावाची मोरी केव्हा उघडावी, कोणाच्या शेतास किती वेळ पाणी द्यावे, बांधास कोठे झिरपा लागला आहे, हे पाहणे त्याचे काम. आणि त्याबद्दल त्याला धान्याचा वाटा किंवा इनाम जमीन मिळे. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठच्या, सामूहिक सिंचनाच्या फडांवर पाटकरी आणि हवालदार जी चाकरी करीत, तीच ही. पुढे बेंगळुरूत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्ट्याहून, १९३३ पासून तिप्पगोंडनहळ्ळीहून, आणि १९७४ पासून तर सुमारे १०० किलोमीटर दूरच्या कावेरीतून जवळजवळ ५०० मीटर उंच उपसून आणलेले पाणी नळाने घरोघर येऊ लागले. शेतांचे भूखंड झाले. नीरगंटीस काम उरले नाही, आणि ज्या जागेचा जाब देणारा कोणी उरला नाही ती जागा सरकारी नकाशात मोकळी दिसू लागली.

म्हणूनच या शहरात पर्यावरण राखणाऱ्या सामान्य माणसांची हकीकत सांगताना एक कसोटी लावणे मला आवश्यक वाटते. त्यांच्या कामात नीरगंटीची रोजची चाकरी आहे काय, आणि त्या चाकरीची दफ्तरात नोंद झाली आहे काय? चाकरीवाचून नोंद कागदावरच राहते. नोंदीवाचून चाकरी करणाऱ्याच्या आयुष्याबरोबर संपते.

नोंद किती दीर्घायुषी असते याचा दाखला राजाजीनगराच्या शेजारी, मल्लेश्वरमात, आणि तोही मराठी इतिहासाशी निगडित असा, पाहावयास मिळतो. शहाजीराजांच्या पश्चात बेंगळुरूचा कारभार ज्यांच्या हाती होता त्या व्यंकोजीराजांनी, म्हणजे शिवछत्रपतींच्या सावत्र बंधूंनी, १६६९ साली मल्लापूरच्या मल्लिकार्जुनास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याचा शिलालेख उपलब्ध आहे. तेच हे काडु मल्लेश्वर, म्हणजे अरण्यातील मल्लेश्वर. भोवतालचे अरण्य गेले, परंतु देवस्थानाचा वृक्षाच्छादित परिसर वस्तीच्या रेट्यात टिकून राहिला. आणि समोरच्या मोकळ्या भूखंडावर १९९७ साली झालेल्या खोदकामात, मातीखाली गाडले गेलेले नंदीतीर्थ आपल्या दगडी पुष्करणीसह उजेडात आले. वृषभावती नदीचा एक उगम याच परिसरात मानतात. पुढे शहराचे सांडपाणी वाहणारी ही नदी येथे अद्याप नंदीच्या मुखातून धारेने शिवलिंगावर उतरते, हे पाहिले म्हणजे जागेला धनी असणे याचा अर्थ कळतो.

आता चाकरीचा दाखला पाहू. राजाजीनगराच्या दक्षिणेस असलेल्या विजयनगरात कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेचे शास्त्रज्ञ ए. आर. शिवकुमार यांनी १९९५ साली ‘सौरभ’ नावाचे घर बांधले आणि नळाची जोडणी घेतलीच नाही. या धाडसामागे काटेकोर हिशेब होता. शहरातील शंभर वर्षांच्या पावसाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. वर्षाकाठी सरासरी सुमारे ९७० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे ६० बाय ४० फुटांच्या भूखंडावर दोन लाख लिटरांहून अधिक पाणी येते. दोन चांगल्या पावसांमधील अंतर फार तर शंभर दिवसांचे. चार माणसांच्या कुटुंबास दररोज सुमारे ४०० लिटर पाणी पुरते. तेव्हा ४०,००० लिटरांची बेगमी असली की वर्ष सुखाने निघते. त्यांनी सुमारे ४५,००० लिटर साठविण्याची सोय केली, छपरावरचे पाणी गाळून टाक्यांत घेतले, उरलेले जमिनीत मुरविले, आणि कपडे धुतलेले पाणी शौचालयासाठी वापरले. त्यांच्या परिषदेने हे तंत्र शासनापर्यंत पोहोचविले. आणि २००९ साली पाणीपुरवठा मंडळाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, ६० बाय ४० फुटांच्या जुन्या व ४० बाय ३० फुटांच्या नव्या भूखंडांवरील घरांस पाऊसपाणी साठविणे वा मुरविणे बंधनकारक झाले. गृहस्थाच्या चोपडीतला हिशेब अशा रीतीने शहराच्या कायद्याजवळ पोहोचला.

परंतु पाणी मुरविण्यासाठी विहीर खोदावी लागते, आणि ती खोदण्याची विद्या ज्यांच्या हाती, ते लोक विंधनविहिरींच्या यंत्रांमुळे देशोधडीस लागले होते. बेंगळुरूभोवतीचे हे मण्णु वड्डर मराठी वाचकास परके नाहीत. आपल्याकडचे मातीवडार ते हेच. मातीचा थर पाहून पाणी कोठे लागेल आणि कडा कोठे ढासळेल हे सांगण्याचे त्यांचे ज्ञान पिढीजात आहे. एस. विश्वनाथ यांच्या बायोम या संस्थेने दशलक्ष विहिरींची जी मोहीम आरंभिली, तिने या ज्ञानास पुन्हा मोल दिले. सुमारे तीन फूट व्यासाची आणि वीस फुटांच्या आसपास खोल अशी मुरवण-विहीर हे लोक हातांनी खोदतात व सिमेंटच्या कड्यांनी बांधून देतात. कब्बन उद्यानातील गाळाने भरलेल्या सात जुन्या विहिरीही याच हातांनी उपसून पुन्हा पाण्यास आणल्या. ज्यांच्या पूर्वजांनी तलावांची माती उपसली, त्यांच्याच वंशजांना हे शहर आज पाणी परत जमिनीत घालण्यासाठी बोलावीत आहे.

कचऱ्याची हकीकत याहूनही बोधप्रद आहे. शहराचा मिसळलेला कचरा वर्षानुवर्षे मावळ्ळीपुरा व मंडूर या गावांच्या माथी मारला जात होता. ग्रामस्थांनी कडवा विरोध केल्यावर मावळ्ळीपुराची कचराभूमी २०१२ साली आणि मंडूरची २०१४ च्या अखेरीस बंद झाली, तेव्हा घरीच कचरा वेगळा करण्यावाचून गत्यंतर नाही हे नगरवासीयांच्या ध्यानी आले. परंतु हे काम रस्त्यावरचे कचरावेचक कोणाच्याही हुकुमावाचून आधीपासूनच करीत होते. फक्त त्यांच्याकडे चोर-संशयित म्हणून पाहिले जाई. पुण्यात मे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि तिच्या उभारणीत सहभागी असलेल्या नलिनी शेखर यांनी पुढे बेंगळुरूत ‘हसिरु दळ’ ही कचरावेचकांची संघटना बांधली. २०११ साली बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेने कचरावेचकांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्रे दिली. नंतर प्रभागांतील सुका कचरा संकलन केंद्रे चालविण्याचे करारही त्यांच्यापैकी अनेकांशी केले. काल ज्यास शिपाई हटकत होता, त्याच्या खिशात आज पालिकेची मोहर असलेले पत्र आले. माझ्या मते ही या शतकातील नीरगंटीची सनदच होय.

झाडांच्या बाबतीतही नागरिकांनी कागदाचे महत्त्व ओळखले. बसवेश्वर चौकापासून हेब्बाळपर्यंत ६.७ किलोमीटर लांबीचा पोलादी उड्डाणपूल बांधण्याचा, त्यासाठी सुमारे १,७९१ कोटी रुपये खर्चण्याचा आणि ८१२ झाडे तोडण्याचा घाट जेव्हा घातला गेला, तेव्हा १६ ऑक्टोबर २०१६ रोजी हजारो नागरिक हातात हात गुंफून त्या रस्त्यावर उभे राहिले. केवळ घोषणांवर हे आंदोलन विसंबले नाही. योजनेची कागदपत्रे मागविली गेली, झाडांची मोजदाद झाली, राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली गेली आणि तात्पुरती स्थगिती मिळाली. मार्च २०१७ मध्ये सरकारने योजना मागे घेतली. मोजदाद हाती असलेला माणूस ओरडणाऱ्याहून अधिक जड जातो, हा धडा त्यातून मिळाला.

एवढ्याने सर्व कुशल झाले असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. २०२४ च्या उन्हाळ्यात, शासनाच्याच सांगण्यानुसार, शहरातील सुमारे १४,००० सार्वजनिक विंधनविहिरींपैकी जवळजवळ निम्म्या कोरड्या पडल्या होत्या. कायदा असूनही अनेक घरांवर पाऊसपाण्याची व्यवस्था केवळ तपासनिसास दाखविण्यापुरती असते. गाळणी वर्षभर साफ होत नाही, मुरवण-विहीर पानांनी भरते. म्हणजे जी उणीव जुन्या तलावांस भोवली तीच येथेही डोकावते. यंत्र बसविले जाते. राखणारा नेमला जात नाही.

राखणारा आणि नोंद यांची जोड पडली की काय होते, हे गडचिरोलीत दिसते. तेथील मेंढा-लेखा या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये आपल्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तेथेही क्रम हाच होता: गावाने आधी वर्षानुवर्षे जंगल राखले, चर्चा केल्या, नोंदी ठेवल्या, आणि मग हक्क पदरी पडला. नगरातील प्रभागास वन नसते. परंतु छपरे असतात, गटारे असतात, रस्त्याकडेची झाडे असतात आणि त्यांची निगा राखणारे, बहुधा अल्प मोबदल्यावर राबणारे, हात असतात. पूर्वीच्या दफ्तरात नीरगंटीच्या वाट्याचे धान्य जसे निःसंकोच लिहिलेले असे, तसा विहीर उपसणाऱ्याचा, कचरा निवडणाऱ्याचा आणि झाडांची मोजदाद ठेवणाऱ्याचा मेहनताना प्रभागाच्या वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली लिहिला जावा. आणि तो लिहिला गेला की नाही, हे विचारण्यासाठी दरवर्षी त्या प्रभागातले चार लोक तरी पालिकेच्या कचेरीत हजर असावेत.